जगन्नाथ शंकरशेट

जगन्नाथ शंकरशेट मुरकुटे ऊर्फ नाना शंकरशेट (१० फेब्रुवारी १८०३ – ३१ जुलै १८६५) हे एकोणिसाव्या शतकातील मुंबईचे व्यापारी, सावकार, शिक्षणप्रसारक आणि सार्वजनिक कार्यकर्ते होते. त्यांच्या आडनावाप्रमाणे वापरल्या जाणाऱ्या वडिलांच्या नावाचे 'शंकरशेट' व 'शंकरशेठ' असे दोन्ही लेखनप्रकार रूढ आहेत. मुंबई इलाख्यातील शिक्षण मंडळाचे सदस्य, ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या संचालक मंडळावरील दोन भारतीयांपैकी एक, बॉम्बे असोसिएशन या संस्थेचे अध्यक्ष, मुंबई विद्यापीठाचे आरंभीचे फेलो आणि मुंबई कायदे कौन्सिलातील पहिल्या भारतीय सदस्यांपैकी एक अशा अनेक नात्यांनी त्यांनी काम केले. आधुनिक मुंबईच्या शिल्पकारांमध्ये त्यांची गणना होते.

पार्श्वभूमी

जगन्नाथ शंकरशेट यांचा जन्म झाला त्याच महिन्यात, म्हणजे फेब्रुवारी १८०३ मध्ये, मुंबईच्या कोटात मोठी आग लागून वस्तीचा बराचसा भाग जळाला. या आगीनंतर अनेक देशी व्यापारी कुटुंबे कोटाबाहेर राहावयास गेली आणि काळबादेवी, भुलेश्वर, गिरगाव या भागांतील वस्ती वाढू लागली. पुढील अर्ध्या शतकात मुंबईच्या सार्वजनिक जीवनाचे केंद्र याच भागात राहिले.

राजकीय व आर्थिक परिस्थितीही याच काळात बदलली. १८१३ च्या सनदी कायद्याने ईस्ट इंडिया कंपनीची भारताशी व्यापार करण्याची मक्तेदारी संपली. चीनच्या व्यापाराची मक्तेदारी १८३३ च्या कायद्याने गेली. १८१८ मध्ये पेशवाईचा शेवट होऊन दख्खनचा मोठा प्रदेश मुंबई इलाख्याला जोडला गेला. त्यापूर्वी मुंबई हे प्रामुख्याने बंदर होते. त्यानंतर ती एका विस्तृत इलाख्याची राजधानी झाली. कापूस आणि अफू चीनला पाठवून मुंबईतील पारशी, गुजराती, कोकणी मुसलमान व मराठी व्यापाऱ्यांनी मोठी संपत्ती मिळविली. कंपनी सरकारला कर्जासाठी, मालाच्या पुरवठ्यासाठी आणि लोकमताचा अंदाज घेण्यासाठी या व्यापाऱ्यांवर अवलंबून राहावे लागे. निवडणुका नसलेल्या त्या काळात शहराच्या कारभारात देशी माणसाचा शब्द चालण्यासाठी व्यापारातील पत हाच मुख्य आधार होता.

कुटुंब आणि व्यापार

मुरकुटे घराणे दैवज्ञ ज्ञातीचे असून मूळचे कोकणातील होते. अठराव्या शतकात हे घराणे मुंबईत येऊन स्थायिक झाले. कोटातील पूर्वीचा गनबाव स्ट्रीट, म्हणजे आजचा रुस्तम सिधवा मार्ग, हा रस्ता या घराण्यातील गणबाशेट या पूर्वजाच्या नावाने ओळखला जात असे. ठाणे जिल्ह्यातील मुरबाड हे जगन्नाथ शंकरशेट यांचे जन्मगाव मानले जाते. त्यांच्या वडिलांचे नाव शंकरशेट आणि आईचे नाव भवानीबाई होते. मुंबईत नाना चौकाजवळ असलेले भवानी-शंकर मंदिर या कुटुंबाने बांधलेले आहे.

१८२२ मध्ये वडिलांचे निधन झाले तेव्हा जगन्नाथ शंकरशेट एकोणीस वर्षांचे होते. वडिलोपार्जित सराफी, सावकारी व व्यापार यांचा कारभार त्यांनी लहान वयातच हाती घेतला. अरब, अफगाण आणि इतर परदेशी व्यापारी आपली रक्कम व मौल्यवान वस्तू बँकेपेक्षा त्यांच्या पेढीवर ठेवणे पसंत करीत, असे सांगितले जाते. मुंबईत आधुनिक बँकव्यवहार तेव्हा बाल्यावस्थेत होता. ठेव मागताक्षणी परत मिळेल हा भरवसा कोणत्याही कायद्यापेक्षा पेढीच्या नावावर अवलंबून असे. या भरवशामुळे निरनिराळ्या जातिधर्मांच्या लोकांशी त्यांचे संबंध जुळले आणि पुढे सार्वजनिक कामांसाठी वर्गणी गोळा करताना ते उपयोगी पडले.

शैक्षणिक कार्य

मुंबई इलाख्याचे गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांच्या कारकिर्दीत (१८१९–१८२७) देशी लोकांच्या शिक्षणासाठी स्वतंत्र संस्था उभी राहिली. १८२२ मध्ये स्थापन झालेली बॉम्बे नेटिव्ह स्कूल बुक अँड स्कूल सोसायटी पुढे बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी या नावाने ओळखली जाऊ लागली. शाळा काढणे, शिक्षक तयार करणे आणि मराठी व गुजराती भाषांत पाठ्यपुस्तके छापणे ही तिची मुख्य कामे होती. सदाशिव काशीनाथ छत्रे आणि त्यांच्यानंतर 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकर यांनी या संस्थेचे देशी चिटणीस म्हणून काम केले. जगन्नाथ शंकरशेट हे आरंभीच्या काळापासून या संस्थेचे प्रमुख आधारस्तंभ होते.

१८२७ मध्ये एल्फिन्स्टन निवृत्त होऊन स्वदेशी निघाले तेव्हा त्यांच्या स्मरणार्थ मुंबईत मोठा निधी गोळा करण्यात आला. स्मारक म्हणून इंग्रजी भाषा, साहित्य व शास्त्रे शिकविणारे प्राध्यापक नेमावेत असे ठरले. त्यानुसार ऑर्लेबार व हार्कनेस हे प्राध्यापक १८३५ मध्ये मुंबईत दाखल झाले आणि टाउन हॉलमध्ये वर्ग भरू लागले. याच वर्गांतून पुढे एल्फिन्स्टन कॉलेज उभे राहिले. दादाभाई नौरोजी, भाऊ दाजी लाड, महादेव गोविंद रानडे हे एल्फिन्स्टनच्या शिक्षणसंस्थांचेच विद्यार्थी होत.

शिक्षण मंडळ

१८४० मध्ये मुंबई सरकारने शिक्षणाचा कारभार पाहण्यासाठी बोर्ड ऑफ एज्युकेशन हे मंडळ नेमले. त्यात युरोपीय सदस्यांबरोबर जगन्नाथ शंकरशेट, फ्रामजी कावसजी आणि महंमद इब्राहिम मकबा या तीन भारतीयांचा समावेश होता. १८५६ च्या सुमारास शिक्षण खाते स्थापन होऊन मंडळ बरखास्त होईपर्यंत शंकरशेट त्याचे सदस्य राहिले.

शिक्षणाच्या माध्यमाचा वाद

१८४० च्या दशकाच्या उत्तरार्धात मंडळात शिक्षणाच्या माध्यमावरून तीव्र मतभेद झाले. मंडळाचे अध्यक्ष आणि सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश सर अर्स्किन पेरी यांचे मत असे की, उपलब्ध पैसा थोडा असल्याने तो वरच्या वर्गातील मोजक्या विद्यार्थ्यांना इंग्रजीतून उत्तम शिक्षण देण्यावर खर्च करावा. त्यांच्याकडून ते ज्ञान हळूहळू खालच्या थरांत झिरपेल, असा यामागील विचार होता. या विचारसरणीला बंगालमध्ये मेकॉले यांच्या १८३५ च्या टिपणानंतर सरकारी मान्यता मिळाली होती.

मंडळाचे दुसरे सदस्य जॉर्ज जर्व्हिस यांचे मत याच्या उलट होते. जर्व्हिस यांनी स्वतः गणितादी विषयांची मराठी पाठ्यपुस्तके तयार करण्याचे काम केले होते. लोकांना त्यांच्या भाषेतूनच शिक्षण दिले पाहिजे, असे ते म्हणत. मंडळातील तिन्ही भारतीय सदस्यांनी या प्रश्नावर जर्व्हिस यांची बाजू घेतली. शंकरशेट यांचा इंग्रजी शिक्षणाला विरोध नव्हता; एल्फिन्स्टन कॉलेजच्या उभारणीत त्यांचा स्वतःचा वाटा होता. ज्यांना सवड व साधने आहेत त्यांनी इंग्रजी अवश्य शिकावे, परंतु बहुसंख्य लोकांपर्यंत ज्ञान पोहोचावयाचे असेल तर ते देशभाषांतूनच पोहोचेल आणि त्यासाठी उपयुक्त ग्रंथांची भाषांतरे झाली पाहिजेत, अशी त्यांची भूमिका होती.

या वादातून एक तडजोड निघाली. उच्च शिक्षण इंग्रजीतून आणि प्राथमिक शिक्षण देशभाषांतून द्यावे असे धोरण रूढ झाले. १८५४ च्या वुड यांच्या शिक्षणविषयक खलित्यानेही उच्च शिक्षणासाठी इंग्रजी आणि सर्वसामान्यांच्या शिक्षणासाठी देशभाषा यांना मान्यता दिली. महाराष्ट्रातील प्राथमिक शाळांत मराठी माध्यम टिकून राहिले, यामागे या काळातील प्रयत्नांचा वाटा आहे. शिक्षणाच्या माध्यमाचा प्रश्न आजही चर्चेत असल्यामुळे शिक्षणाच्या इतिहासात या वादाला विशेष महत्त्व दिले जाते.

स्त्रीशिक्षण

१८४८ मध्ये एल्फिन्स्टनच्या विद्यार्थ्यांनी प्राध्यापक पॅटन यांच्या मार्गदर्शनाखाली स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी स्थापन केली. त्याच वर्षी पुण्यात महात्मा जोतीराव फुले आणि सावित्रीबाई फुले यांनी भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू केली होती. मुंबईतील सोसायटीने १८४९ मध्ये मराठी व पारशी मुलींसाठी शाळा काढल्या. दादाभाई नौरोजी आणि त्यांचे सहकारी या शाळांतून स्वतः शिकवीत असत.

मुलींना शाळेत पाठविण्यास सनातनी मंडळींचा कडवा विरोध होता, त्यामुळे शाळेसाठी जागा मिळणेही अवघड होते. शंकरशेट यांनी गिरगावातील आपल्या वाड्याच्या आवारात मराठी मुलींच्या शाळेला जागा दिली. शहरातील एका प्रतिष्ठित हिंदू कुटुंबाने आपल्या दारात मुलींची शाळा भरू दिल्यामुळे इतर पालकांची भीड काही प्रमाणात चेपली. ही शाळा पुढे त्यांच्याच नावाने ओळखली गेली.

उच्च व व्यावसायिक शिक्षण

गव्हर्नर सर रॉबर्ट ग्रँट यांच्या स्मरणार्थ १८४५ मध्ये सुरू झालेल्या ग्रँट मेडिकल कॉलेजच्या उभारणीला शंकरशेट यांनी साहाय्य केले. भाऊ दाजी लाड हे या महाविद्यालयाच्या पहिल्या तुकडीतील पदवीधर होते. माध्यमाच्या प्रश्नावर ज्यांच्याशी वाद झाला त्या पेरी यांच्या स्मरणार्थही मुंबईकरांनी निधी उभारला आणि त्यातून १८५५ मध्ये कायद्याचे वर्ग सुरू झाले. आजचे शासकीय विधी महाविद्यालय हे त्याचेच पुढचे रूप होय. १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठाची स्थापना करणारा कायदा झाला, तेव्हा त्यात नमूद केलेल्या पहिल्या फेलोंमध्ये जगन्नाथ शंकरशेट यांचे नाव होते.

रेल्वे

भारतात लोहमार्ग बांधण्याच्या कल्पनेला मुंबईत १८४३-४४ पासून चालना मिळाली. सरकारी अभियंता जॉर्ज क्लार्क यांनी मुंबई बेट ठाणे व त्यापुढील घाटांशी जोडण्याची योजना मांडली. १८४५ मध्ये या योजनेच्या पाठपुराव्यासाठी मुंबईत जी समिती स्थापन झाली, तिच्यात जगन्नाथ शंकरशेट व सर जमशेटजी जीजीभाई यांनी पुढाकार घेतला.

लंडनमध्ये स्थापन झालेल्या ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे कंपनीला १८४९ च्या कायद्याने अधिकृत मान्यता मिळाली. तिच्या दहा संचालकांमध्ये शंकरशेट आणि जीजीभाई हे दोनच भारतीय होते. कंपनीच्या भांडवलावर सरकारने ५ टक्के व्याजाची हमी दिली होती. ३१ ऑक्टोबर १८५० रोजी बांधकामास सुरुवात झाली.

१६ एप्रिल १८५३ रोजी दुपारी साडेतीनच्या सुमारास बोरीबंदरहून ठाण्याकडे पहिली प्रवासी गाडी निघाली. तिला चौदा डबे आणि साहिब, सिंध व सुलतान ही तीन इंजिने होती. सुमारे ४०० निमंत्रितांनी तिच्यातून ३४ किलोमीटरचा प्रवास केला. गाडी सुटताना २१ तोफांची सलामी देण्यात आली. निमंत्रितांमध्ये शंकरशेट यांचाही समावेश होता.

रेल्वेच्या आरंभी देशी लोकांमध्ये तिच्याविषयी कुतूहलाबरोबर भीतीही होती. आगगाडीत बसल्याने आयुष्य घटते, निरनिराळ्या जातींच्या लोकांना एकत्र बसावे लागल्याने विटाळ होतो, अशा शंका घेतल्या जात. मान्यवर देशी व्यापाऱ्यांचे नाव कंपनीशी जोडलेले असल्याने लोकांचा विश्वास वाढण्यास मदत झाली.

वऱ्हाड आणि कापसाची वाहतूक

ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या योजनेमागे प्रवासी वाहतुकीपेक्षा कापसाचा विचार अधिक होता. लँकेशायरमधील गिरण्यांना लागणारा कापूस मुख्यतः अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांतून येई. एकाच देशावर अवलंबून राहण्याचा धोका ओळखून मँचेस्टरचे गिरणीमालक भारतीय कापसाकडे वळू पाहत होते. वऱ्हाड व खानदेश येथील कापूस लमाणांच्या तांड्यांतून, बैलांच्या पाठीवर लादून आणला जाई. वऱ्हाडचा बराच माल तर पश्चिमेकडे न येता गंगेकाठच्या मिर्झापूरला जात असे. या प्रवासात आठवडेच्या आठवडे लागत. वाटेत कापूस धुळीने मळे व पावसाने भिजे आणि बाजारात त्याला कमी भाव मिळे.

पहिली गाडी धावली त्याच वर्षी, मे १८५३ मध्ये, हैदराबादच्या निजामाने कर्जापोटी वऱ्हाड प्रांत इंग्रजांच्या ताब्यात दिला. या प्रांतात आजच्या यवतमाळ जिल्ह्याचाही समावेश होता. हा जिल्हा पूर्वी वणी या नावाने ओळखला जाई. १९०५ मध्ये त्याला यवतमाळ हे नाव मिळाले. बोरघाटाचा मार्ग १८६३ मध्ये आणि थळघाटाचा मार्ग १८६५ मध्ये खुला झाला. थळघाटातून पुढे गेलेला लोहमार्ग भुसावळ, अकोला, बडनेरा व धामणगाव या मार्गाने १८६७ मध्ये नागपूरला पोहोचला. यवतमाळ शहराला दीर्घकाळ धामणगाव हेच जवळचे मोठे रेल्वे स्थानक होते. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी किलिक निक्सन कंपनीने मूर्तिजापूर ते यवतमाळ हा अरुंद लोहमार्ग बांधला. 'शकुंतला' या नावाने परिचित असलेल्या या मार्गावरील गाड्या ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच चालवीत असे आणि त्याचाही मुख्य हेतू कापूस मुंबईपर्यंत नेणे हाच होता.

मुंबईच्या व्यापाऱ्यांनी पाठबळ दिलेल्या या रेल्वेचे वऱ्हाडवर दुहेरी परिणाम झाले. शेतमालाला दूरची बाजारपेठ मिळाली, जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने निघाले आणि अमरावती, खामगाव, यवतमाळ यांसारखी गावे कापसाच्या पेठा म्हणून वाढली. दुसरीकडे ज्वारीच्या जागी कापूस वाढत गेला आणि शेतकऱ्याचे उत्पन्न लिव्हरपूल व मुंबई येथील भावांवर अवलंबून राहू लागले. रेल्वेच्या इतिहासाचे मूल्यमापन करताना या दोन्ही बाजू विचारात घेतल्या जातात.

राजकीय कार्य

जस्टिस ऑफ द पीस

ब्रिटिश पार्लमेंटने १८३२ मध्ये केलेल्या कायद्याने भारतीयांना ग्रँड ज्युरीत बसण्याचा आणि जस्टिस ऑफ द पीस म्हणून नेमले जाण्याचा मार्ग मोकळा झाला. त्यानंतर मुंबईत ज्या पहिल्या भारतीयांची या पदावर नेमणूक झाली, त्यांत जगन्नाथ शंकरशेट होते. शहराची साफसफाई, रस्ते व कर यांसंबंधीच्या कामात या पदाधिकाऱ्यांचा सहभाग असे. त्यामुळे भारतीयांना स्थानिक कारभाराचा पहिला अनुभव या पदातूनच मिळाला. निवडून आलेल्या सदस्यांचा समावेश असलेली मुंबई महानगरपालिका १८७२ च्या कायद्यानंतर अस्तित्वात आली.

बॉम्बे असोसिएशन

ईस्ट इंडिया कंपनीच्या सनदेची मुदत १८५४ मध्ये संपणार होती. नवीन सनद देण्यापूर्वी पार्लमेंटपुढे भारतीयांचे म्हणणे मांडता यावे म्हणून १८५१ मध्ये कलकत्त्यात ब्रिटिश इंडियन असोसिएशन स्थापन झाली. मुंबईत २६ ऑगस्ट १८५२ रोजी बॉम्बे असोसिएशनची स्थापना झाली. सर जमशेटजी जीजीभाई हे तिचे सन्माननीय अध्यक्ष, तर जगन्नाथ शंकरशेट हे अध्यक्ष होते. भाऊ दाजी लाड, दादाभाई नौरोजी व नौरोजी फर्दुनजी हे तिच्या कामात अग्रभागी होते. मुंबई इलाख्यातील ही पहिली राजकीय संघटना होय.

असोसिएशनने पार्लमेंटला पाठविलेल्या अर्जात कायदे करणाऱ्या कौन्सिलांत भारतीयांना स्थान द्यावे, वरिष्ठ सरकारी नोकऱ्या भारतीयांना खुल्या कराव्यात, प्रशासनाचा अवाढव्य खर्च कमी करावा, रस्ते व सार्वजनिक बांधकामे यांवर अधिक पैसा खर्च करावा आणि शिक्षणाचा प्रसार करावा अशा मागण्या होत्या. अर्जाची भाषा राजनिष्ठ होती, तरी कंपनीच्या कारभारावरील टीका स्पष्ट होती. त्यामुळे अँग्लो-इंडियन वृत्तपत्रांनी असोसिएशनवर कठोर टीका केली. काही धनिक सदस्य सरकारी रोष टाळण्यासाठी संस्थेपासून दूर झाले. शंकरशेट मात्र अध्यक्षपदी राहिले.

१८५३ च्या सनदी कायद्याने असोसिएशनच्या बहुतेक मागण्या मान्य झाल्या नाहीत. पुढील दशकात संस्थेचे काम मंदावले. १८६७ मध्ये तिचे पुनरुज्जीवन करण्यात आले. भारतीयांनी संघटित होऊन लेखी मागण्या पार्लमेंटपर्यंत नेण्याची जी पद्धत तिने इलाख्यात रुजविली, ती पुढे पुणे सार्वजनिक सभा (१८७०) आणि बॉम्बे प्रेसिडेन्सी असोसिएशन (१८८५) यांनी चालविली. डिसेंबर १८८५ मध्ये मुंबईत भरलेल्या भारतीय राष्ट्रीय काँग्रेसच्या पहिल्या अधिवेशनातही कौन्सिलांचा विस्तार व नोकऱ्यांत प्रवेश या मागण्या पुन्हा करण्यात आल्या.

१८५७ चा उठाव आणि संशय

१८५७ च्या उठावाच्या काळात मुंबईत प्रत्यक्ष बंड झाले नाही; परंतु शहरात भीतीचे वातावरण होते. पोलीस अधिकारी चार्ल्स फोर्जेट यांनी शहरभर हेर पेरले होते. कटाचा आरोप ठेवून ऑक्टोबर १८५७ मध्ये सय्यद हुसेन व मंगल गाडिया या दोन शिपायांना एस्प्लनेड मैदानावर तोफेच्या तोंडी देण्यात आले. हे मैदान म्हणजे आजच्या आझाद मैदानाचा परिसर होय.

या काळात जगन्नाथ शंकरशेट यांच्यावरही बंडवाल्यांशी संधान असल्याचा संशय घेतला गेला आणि त्यांच्यावर पाळत ठेवण्यात आली. पस्तीस वर्षे सरकारबरोबर काम केलेल्या आणि कोणतेही काम कायद्याच्या चौकटीत राहून करणाऱ्या माणसावर हा आरोप होता. चौकशीत पुरावा न मिळाल्याने ते निर्दोष ठरले. तत्कालीन देशी पुढाऱ्यांचे स्थान किती अस्थिर होते, हे या प्रसंगावरून दिसते. सरकारला त्यांचे साहाय्य हवे असे, परंतु लोकांमध्ये असलेल्या त्यांच्या वजनाचीच सरकारला भीतीही वाटे.

कायदे कौन्सिल

१८६१ च्या इंडियन कौन्सिल्स कायद्याने मुंबई इलाख्याला कायदे करण्याचा अधिकार परत मिळाला आणि गव्हर्नरच्या कौन्सिलात काही बिनसरकारी सदस्य नेमण्याची तरतूद झाली. या कौन्सिलाची पहिली बैठक २२ जानेवारी १८६२ रोजी मुंबईच्या टाउन हॉलमध्ये झाली. पहिल्या मोजक्या भारतीय सदस्यांमध्ये शंकरशेट यांची नेमणूक झाली. कौन्सिलात भारतीय असावेत ही मागणी बॉम्बे असोसिएशनने दहा वर्षांपूर्वी केली होती. मात्र हे सदस्य लोकांनी निवडलेले नसून सरकारनियुक्त होते आणि त्यांचे अधिकारही मर्यादित होते.

नागरी व सांस्कृतिक कार्य

नाट्यगृह: ग्रँट रोडवरील नाट्यगृहासाठी शंकरशेट यांनी जागा दिली. १८४६ मध्ये सुरू झालेल्या या नाट्यगृहात आरंभी इंग्रजी नाटके होत. १८५३ मध्ये सांगलीच्या विष्णुदास भावे यांच्या मंडळीने तेथे प्रयोग केले. मराठी, गुजराती व हिंदुस्थानी रंगभूमीच्या मुंबईतील वाटचालीत या नाट्यगृहाला महत्त्वाचे स्थान आहे.

उद्यान व संग्रहालय: भायखळ्याचे व्हिक्टोरिया गार्डन, म्हणजेच राणीचा बाग (आताचे वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान), १८६२ मध्ये खुले झाले. याच आवारातील व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाच्या उभारणीत जॉर्ज बर्डवुड, भाऊ दाजी लाड व जगन्नाथ शंकरशेट यांचा प्रमुख सहभाग होता. संग्रहालयाची इमारत १८७२ मध्ये लोकांसाठी खुली झाली. आता हे संग्रहालय भाऊ दाजी लाड यांच्या नावाने ओळखले जाते.

सोनापूर स्मशानभूमी: गिरगावाजवळील सोनापूर येथील हिंदूंची स्मशानभूमी शिवडीला हलविण्याचा सरकारचा विचार होता. गरीब लोकांना इतक्या दूर अंत्ययात्रा नेणे परवडणार नाही, या कारणास्तव शंकरशेट यांनी त्यास विरोध केला आणि स्मशानभूमी मूळ जागीच राहिली.

मृत्यू

जगन्नाथ शंकरशेट यांचे ३१ जुलै १८६५ रोजी मुंबईत निधन झाले. मुंबईच्या आर्थिक इतिहासातील तो अत्यंत कठीण महिना होता. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू होऊन तेथील कापसाची निर्यात थांबली, तेव्हा भारतीय कापसाचे भाव कडाडले व मुंबईत पैशाचा पूर आला. त्या जोरावर समुद्र हटवून जमीन तयार करणाऱ्या कंपन्या, नव्या बँका व वित्तसंस्था यांचे शेअर अवाच्या सवा भावाने विकले गेले. एप्रिल १८६५ मध्ये युद्ध संपताच भाव कोसळले. १ जुलै १८६५ या वायदेपूर्तीच्या दिवशी अनेकांना देणी चुकविता आली नाहीत आणि शहरातील कित्येक पेढ्या व बँका बुडाल्या. पिढ्यान्‌पिढ्यांच्या पतीवर चालणाऱ्या व्यापाराचा आणि त्याच्याशी निगडित नेतृत्वाचा काळ याच सुमारास ओसरू लागला. मुंबईच्या सार्वजनिक जीवनात त्यानंतर वकील, डॉक्टर व प्राध्यापक हा सुशिक्षित वर्ग पुढे आला. त्यांपैकी अनेकजण शंकरशेट यांनी हातभार लावलेल्या शिक्षणसंस्थांतूनच शिकले होते.

मूल्यमापन

शंकरशेट यांनी स्वतः विस्तृत ग्रंथलेखन केले नाही. शिक्षण मंडळातील त्यांची मते, अर्ज, सभांचे वृत्तांत आणि त्यांनी उभारलेल्या संस्था हेच त्यांच्या कार्याच्या अभ्यासाचे मुख्य साधन आहे. निरनिराळ्या समाजांतील लोकांना एका कामासाठी एकत्र आणणे हे त्यांच्या कार्याचे वैशिष्ट्य मानले जाते. पारशी, मुसलमान, गुजराती व युरोपीय सहकाऱ्यांबरोबर त्यांनी चाळीस वर्षे काम केले. धर्माचरणात ते परंपरानिष्ठ होते, तरीही मुलींच्या शिक्षणाला आणि सतीबंदीसारख्या सुधारणांना त्यांचा पाठिंबा होता.

त्यांच्या कार्याला काळाच्या मर्यादाही होत्या. बॉम्बे असोसिएशन ही धनिक व सुशिक्षित लोकांची संस्था होती. शेतकरी व कारागीर यांना तिच्यात प्रतिनिधित्व नव्हते. शिक्षणाच्या ज्या संस्थांना त्यांनी साहाय्य केले, त्यांचा लाभ दीर्घकाळ मुख्यतः शहरातील उच्चवर्णीयांना मिळाला. बहुजन व अस्पृश्य समाजाच्या शिक्षणाचा प्रश्न याच काळात पुण्यात जोतीराव फुले यांनी अधिक मूलगामी पद्धतीने मांडला. शंकरशेट यांचे कार्य सरकारच्या सहकार्याने आणि वरच्या वर्गाच्या पुढाकाराने झालेल्या परिवर्तनाचे उदाहरण म्हणून अभ्यासले जाते.

स्मारके व वारसा

• त्यांचा संगमरवरी पुतळा मुंबईच्या टाउन हॉलमध्ये, एशियाटिक सोसायटीच्या इमारतीत आहे.

• त्यांच्या स्मरणार्थ मॅट्रिक परीक्षेत संस्कृत विषयात सर्वाधिक गुण मिळविणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती सुरू करण्यात आली. १९१२ मध्ये ही शिष्यवृत्ती चिंतामणराव देशमुख यांना मिळाली. ते पुढे भारतीय रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर व केंद्रीय अर्थमंत्री झाले. मराठी घरांत 'शंकरशेट मिळविणे' हे दीर्घकाळ विद्वत्तेचे मानचिन्ह समजले जाई.

• मुंबईतील ग्रँट रोडजवळचा नाना चौक आणि गिरगावातील जगन्नाथ शंकरशेट मार्ग यांना त्यांचे नाव देण्यात आले आहे.

• भारतीय टपाल खात्याने १९९१ मध्ये त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले.

• गंगाधर गाडगीळ यांची 'प्रारंभ' ही कादंबरी त्यांच्या जीवनावर आधारित आहे.

• मुंबई सेंट्रल रेल्वे स्थानकाला त्यांचे नाव द्यावे, असा प्रस्ताव मांडण्यात आला आहे.